टीमचं दर आठवड्याचं स्क्रीनिंग कसं करायचं: बीपीचा कफ, मोजपट्टी आणि चार प्रश्न

"कसं वाटतंय रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "एकदम ओके सर." जांघ चार दिवसांपासून ओढल्यासारखी होतेय, सकाळी उठून पहिली पावलं टाकताना घोटा आखडलेला असतो, तरी ओकेच. यात खोटेपणा नसतो. दुखणं अंगावर काढायची सवय असते, संघातली जागा जाईल ही भीती असते, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं की काहीतरी बदललंय, कारण बदल रोज थोडा थोडा होत असतो आणि रोजच्या थोड्याची आपल्याला सवय होऊन जाते.

म्हणून मोजायचं. आठवड्यातून एकदा, प्रत्येकाचं, पाच मिनिटं. मी फिजिओ म्हणून टीमसोबत जे करतो ते इथे सविस्तर लिहितोय, कारण नवीन फिजिओ आणि ट्रेनर मला सारखं विचारतात की नक्की काय काय मोजायचं, आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतं की काय मोजायचं हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न आहे कोणाशी तुलना करायची. खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्या आकड्याशी करायची. टीमच्या सरासरीशी नाही, पुस्तकातल्या नॉर्मलशी नाही, शेजारच्या पोराशी तर अजिबात नाही. हे एक डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सोपं आहे.

हे कशासाठी नाही ते आधी

बऱ्याच जणांना वाटतं स्क्रीनिंग म्हणजे सीझनच्या सुरुवातीला सगळ्यांच्या टेस्ट घ्यायच्या आणि कोणाला दुखापत होणार ते ओळखायचं. तसं होत नाही. २००७ मधे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंवरचा एक अभ्यास आला होता, त्यात सात हालचालींच्या एफएमएस (फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन) टेस्टमधे २१ पैकी १४ किंवा कमी गुण असले की दुखापतीचा धोका जास्त असं दिसलं, आणि मग तो १४ चा आकडा जगभर फिरला. नंतरच्या अभ्यासांत मात्र त्या आकड्यावरून पुढची दुखापत नीट ओळखता येईना. २०१६ मधे नॉर्वेचे क्रीडावैद्यक संशोधक रोआल्ड बाहर यांनी यावर सविस्तर लिहिलं, आणि त्यांचा मुद्दा अगदी सरळ आहे: पुढे जखमी होणाऱ्यांचे आणि न होणाऱ्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की तुम्ही रेघ कुठेही मारा, दोन्ही बाजूला दोन्ही प्रकारचे खेळाडू सापडणार. ज्याला तुम्ही धोक्यातला ठरवलं तो आख्खा सीझन खेळतो आणि ज्याला पास केलं त्याचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दुसऱ्याच मॅचला जातो.

यातून एक कामाची गोष्ट निघते. बचावाचे व्यायाम निवडक लोकांना देत बसू नका, सगळ्यांना द्या. नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कोणीतरी धरलेले, हळूहळू पुढे झुकायचं) नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, फुटबॉलमधला ११ प्लस नावाचा ठरावीक व्यायामांचा वॉर्मअप नीट केला तर एकूण दुखापती चांगल्याच कमी होतात, जांघेसाठी कोपनहेगन व्यायाम आहे (कुशीवर, वरचा पाय जोडीदाराने धरलेला, त्याच पायाच्या जोरावर अंग उचलायचं). हे सगळ्यांनी करायचं, टेस्ट पास असो की नापास.

मग दर आठवड्याला मोजायचं कशाला? तर आत्ता, या आठवड्यात, या खेळाडूचं काय चाललंय ते बघायला. भविष्य सांगणं वेगळं आणि नुकतंच सुरू झालेलं दुखणं लवकर पकडणं वेगळं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ज्युनियर खेळाडूंवर २०१० मधे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जांघेचं दुखणं ज्या आठवड्यात सुरू झालं त्याच्या आधीच्या आठवड्यातच त्यांची मांड्या आवळण्याची ताकद थोडी खाली आलेली होती, आणि दुखणं आलं त्या आठवड्यात अजून खाली गेली. म्हणजे खेळाडू तक्रार करायच्या आधी एक छोटीशी खिडकी उघडी असते. सगळ्या दुखापतींची अशी खिडकी नसते, धडक बसून गुडघा वळला तर कोणतं स्क्रीनिंग काय करणार, पण हळूहळू वाढणाऱ्या दुखण्यांची असते, आणि आपलं काम त्यांच्यासाठी आहे.

कोणत्या टेस्ट घ्यायच्या

कमी घ्या. चार, फार तर पाच. सुरुवातीला मी चौदा टेस्ट घ्यायचो, एका खेळाडूला वीस मिनिटं लागायची, तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोरं कंटाळायची, कोच घड्याळ बघायचा आणि मी ती सगळी शीट भरून ठेवायचो पण बघायला वेळच उरायचा नाही. जी टेस्ट बिघडली तर तुम्ही काहीतरी वेगळं करणार आहात तेवढीच ठेवा. आकडा खाली आला तरी प्रॅक्टिस तशीच राहणार असेल तर ती टेस्ट घेऊ नका.

आणि खेळ बघून निवडा. पळणं, अचानक दिशा बदलणं, किक मारणं असलेल्या खेळात जांघ, हॅमस्ट्रिंग आणि घोटा. फेकण्याच्या, बॉलिंगच्या, स्मॅशच्या, पोहण्याच्या खेळात खांदा. लांब पळणाऱ्यांमधे पोटरी आणि घोटा. त्यात खेळाडूची जुनी दुखापत असेल तर त्या जागेची एक टेस्ट त्याच्यासाठी वेगळी, कारण आधी झालेली दुखापत हा पुढच्या दुखापतीचा सगळ्यात पक्का इशारा आहे, हे जवळजवळ प्रत्येक खेळात दिसून आलंय. हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत तर विशेष लक्ष ठेवा. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या नोंदींत २००१-०२ च्या सीझनला एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या आणि २०२१-२२ ला २४ टक्के, आणि ते सुद्धा एवढे फिजिओ, एवढी यंत्रं हाताशी असताना.

आधी प्रश्न, मग टेस्ट

मोजायला सुरू करायच्या आधी चार प्रश्न विचारा. ऑस्लोच्या क्रीडा दुखापत संशोधन केंद्राने बनवलेली प्रश्नावली यासाठी चांगली आहे. प्रश्न साधे आहेत: गेल्या आठवड्यात दुखण्यामुळे खेळण्यात, सरावात अडचण आली का, सराव कमी करावा लागला का, खेळावर परिणाम झाला का, आणि दुखलं किती. यात गंमत अशी की "दुखापत आहे का" असं कुठे विचारतच नाही. दुखापत म्हटलं की खेळाडूच्या डोळ्यासमोर मैदानाबाहेर बसणं येतं, तो नाहीच म्हणणार. पण "सराव थोडा कमी केलास का" विचारलं की म्हणतो हो सर, स्प्रिंटला जरा सांभाळूनच पळालो. सापडलं की नाही.

सोबत झोप, थकवा, अंग किती दुखतंय आणि डोक्याला ताण किती, एवढं एक ते सातमधे लिहून घ्यायचं. मोबाईलवर फॉर्म टाकला तरी चालतो पण सकाळी उठल्यावरच भरायला सांगा आणि एकेकट्याने, मित्राच्या फोनमधे बघून नाही. आणि भरलेलं वाचा. एखाद्याने झोप वाईट लिहिली आणि तुम्ही दोन आठवड्यांत एकदाही विचारलं नाहीत तर तो पुढच्या वेळी सगळीकडे चार-चार टाकून मोकळा होणार.

मांड्या आवळायची टेस्ट

माझी सगळ्यात आवडती टेस्ट, कारण सामान कमी आणि माहिती भरपूर. लागतं काय तर बीपी मोजायचं जुन्या पद्धतीचं मशीन, रबरी फुगा हाताने दाबायचा आणि गोल डायल असलेलं. बटण दाबलं की आपोआप फुगणारं डिजिटल मशीन इथे चालत नाही, ते घेऊन बसू नका.

कफ, म्हणजे दंडाला बांधायचा तो पट्टा, नेहमी एकाच पद्धतीने तीन घड्या घालून गुंडाळायचा, चिकटपट्टीने बांधून ठेवला तर उत्तम. खेळाडू पाठीवर झोपतो, गुडघे दुमडलेले, पाय जमिनीवर, खुबा साधारण ४५ अंशात. कफ दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या हाडांच्या मधे. मग फुगा दाबून काटा २० वर आणायचा आणि व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचा. काही जण १० वर ठेवतात, ते पण चालतं, पण एकदा ठरवलं की ते सीझनभर बदलायचं नाही. काटा २० वर थांबतोय ना ते आधी मिनिटभर बघा. माझ्या एका कफमधून हळूहळू हवा जात होती आणि मला दोन आठवडे वाटत होतं की पूर्ण टीमची जांघ कमजोर झालीय, शेवटी एका खेळाडूच्या लक्षात आलं की तो दाबायच्या आधीच काटा १४ वर आहे. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी आधी कफ तपासतो.

"दोन्ही गुडघ्यांनी जोरात आवळ, वाढवत ने, धरून ठेव, सोड." पाच सेकंद. डोकं वर उचलायचं नाही, श्वास कोंडायचा नाही, हात पोटावर घडी घालून. असं तीन वेळा, मधे अर्धा मिनिट विश्रांती, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. आणि लगेच विचारायचं, दुखलं का, कुठे, दहापैकी किती. हा प्रश्न कधीही चुकवू नका. ताकद तेवढीच आहे पण आज दुखतंय, आणि ताकद कमी आहे पण दुखत नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीही होताच तुम्हाला कळायला पाहिजेत. बोट ठेवून दाखवायला सांगा: आतल्या मांडीत वर, दोन्ही जांघांमधल्या हाडाच्या मधोमध, की पोटाच्या खालच्या बाजूला.

डायल ३०० ला संपतो, तगडे खेळाडू तिथपर्यंत जातात, त्यांच्यासाठी हातात धरायचा डायनॅमोमीटर, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, लागेल. आणि कफच नसेल तर बिनयंत्राची पद्धत पण आहे: खेळाडूचे पाय सरळ, तुमचा हात कोपरापासून मनगटापर्यंत त्याच्या दोन घोट्यांच्या मधे, पाच सेकंद पूर्ण जोराने आवळायचं आणि दुखणं शून्य ते दहामधे सांगायचं. दोनपर्यंत हिरवा, तीन ते पाच पिवळा, सहा किंवा वर लाल. एवढ्यावरही बरंच काही कळतं.

गुडघा भिंतीला टेकवायची टेस्ट

घोटा पुढे किती वाकतो ते बघायला. भिंतीला काटकोनात जमिनीवर टेप लावा, त्यावर मोजपट्टी चिकटवून टाका म्हणजे दरवेळी शोधाशोध नको. बूट काढून, अंगठा आणि टाचेचा मध्य रेघेवर, गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा, टाच जमिनीला चिकटलेली. टेकला की पाऊल थोडं मागे, परत टेकव, असं करत शेवटी जिथे गुडघा टेकतो आणि टाच उचलत नाही तिथे अंगठा ते भिंत हे अंतर लिहायचं. दोन्ही पाय.

चोरी तीन ठिकाणी होते. टाच किंचित उचलली जाते, पाऊल बाहेर वळतं, किंवा तळवा आत कोसळतो आणि गुडघा आतल्या बाजूने भिंतीपर्यंत पोचतो. मी टाचेखाली कागदाची पट्टी ठेवतो आणि हलकेच ओढतो, निघाली तर टाच उचललीय. एक सेंटीमीटर म्हणजे साडेतीन अंशाच्या आसपास हालचाल, त्यामुळे अर्ध्या सेंटीमीटरवरून भांडू नका पण दोन सेंटीमीटरचा फरक गंभीरपणे घ्या.

आणि इथेही विचारायचं, अडतं कुठे. "मागे पोटरीत ताण येतो" म्हणाला तर बहुतेक पोटरी आखडलीय, कालच्या पळण्याचा हिशोब असेल. "पुढे घोट्यात चिमटल्यासारखं होतं" म्हणाला तर सांध्याकडे बघा, जुना मुरगळलेला घोटा आहे का विचारा.

बाकीच्या टेस्ट, थोडक्यात

हॅमस्ट्रिंगसाठी पाठीवर झोपवून सरळ पाय वर उचलायचा आणि मोबाईलमधलं कोन मोजायचं ॲप नडगीवर ठेवायचं, दरवेळी त्याच जागी, पेनाने खूण केली तर अजून चांगलं. लवचिकता कमी आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, पण एका बाजूचा आकडा अचानक घसरला आणि त्याच बाजूला जुनी दुखापत आहे, तर थांबून बघा. ताकद बघायची तर तोच बीपीचा कफ स्टुलावर ठेवून टाच त्यावर, खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात, टाच खाली दाबायची.

खुब्याचं आत वळणं पोटावर झोपवून बघायचं, गुडघे काटकोनात आणि दोन्ही पावलं बाहेर पडू द्यायची. पाच सेकंदांचं काम आहे आणि डाव्या-उजव्यातला फरक डोळ्यालाच दिसतो.

खांद्याचं जरा लक्ष देऊन करा. पाठीवर झोपून हात बाजूला ९० अंशात, कोपर ९० अंशात, आणि मग आत किती वळतो, बाहेर किती वळतो. आत वळवताना खांद्याचं हाड पुढे उचललं जातं, म्हणून दुसऱ्या हाताने ते दाबून धरायचं, नाहीतर तुम्ही खांद्याच्या जागी पाठीची हालचाल मोजताय. फेकणाऱ्या हाताचं आत वळणं कमी आणि बाहेर वळणं जास्त असणं हे त्या खेळाचंच लक्षण आहे, ते बघून घाबरू नका आणि लगेच स्ट्रेचिंग सुरू करू नका. आत आणि बाहेर मिळून एकूण किती वळतो ते दोन्ही हातांचं जवळपास सारखं आहे का ते बघायचं, आणि मॅचनंतर दोन-तीन दिवसांनीही आत वळणं परत जागेवर येत नसेल तर फेकण्याचा हिशोब मागायचा.

एका पायावर टाच उचलून पोटरीची मोजणी, एका पायावर उडी, वाय बॅलन्स (एका पायावर उभं राहून दुसरा तीन दिशांना लांबवायचा) हे मी महिन्यातून एकदा घेतो. दर आठवड्याला घेतलं तर त्या टेस्टनेच पाय दुखतात.

कधी घ्यायचं

मॅचच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच आकडे खाली असतात, ते मोजून काही कळत नाही. मॅचनंतर ४८ तासांच्या आसपास, सरावाच्या आधी, वॉर्मअपच्याही आधी. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, टेस्टचा तोच क्रम, आणि मोजणारा माणूसही तोच. सकाळी आठला घेतलेला घोटा आणि संध्याकाळी पाचला घेतलेला घोटा हे दोन वेगळे घोटे आहेत असं समजा.

बेसलाइन, आणि कोणता फरक खरा मानायचा

यात सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून हिशोब करून दाखवतो. बेसलाइन म्हणजे खेळाडूचा स्वतःचा नेहमीचा आकडा. तो काढायला सीझनच्या आधी, खेळाडू ताजातवाना आणि काहीही दुखत नसताना, दोन आठवड्यांत चार वेळा मोजा. समजा मांड्या आवळायचे आकडे आले २४८, २५६, २५२, २४४. सरासरी २५०. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यात फरक १२. म्हणजे काहीही झालेलं नसताना हा माणूस एवढा वर-खाली होतो. मग पुढे कधी २४२ आला तर तो फरक मानायचाच नाही, लिहायचा आणि पुढे जायचं.

मी स्वतः वापरतो ती पद्धत अशी की बेसलाइनपासून १० टक्क्यांपर्यंत खाली असेल आणि दुखत नसेल तर फक्त नजर ठेवायची, १० च्या पुढे गेला किंवा दुखणं तीनच्या वर असेल तर बसून बोलायचं, २० टक्के गेला तर त्या दिवशीचा सराव बदलायचा. हे आकडे कोणी दगडावर कोरलेले नाहीत, तुमच्या टेस्टमधे आणि तुमच्या हातात किती चूक होते त्यावर ते ठरवा. त्यासाठी एक दिवस पाच जणांना घेऊन एकच टेस्ट तासाभराने परत घ्या आणि आपलाच आकडा किती हलतो ते बघा. हे बहुतेक जण कधीच करत नाहीत आणि मग एक सेंटीमीटरवरून खेळाडूला बाहेर बसवतात.

एक सावधगिरी. काही पोरं हुशार असतात, बेसलाइनलाच मुद्दाम हलकं आवळतात म्हणजे पुढे कधी कमी दिसणार नाही. चेहरा बघा, मांडीच्या आतली दोरी ताठ होतेय का बघा, आणि चार आठवड्यांनी आकडे सतत वरच राहिले तर बेसलाइन नव्याने लावा.

आकडा घसरला, आता काय

पहिलं काम, परत मोजा. पाच मिनिटांनी, नीट, कफ तपासून. अर्धे घसरलेले आकडे इथेच जागेवर येतात.

दुसरं काम, विचारा. फुटबॉलचा एक विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, होता, बेसलाइन २५०. एका आठवड्यात २४३, पुढच्या आठवड्यात २३८, दोन्ही वेळा काही दुखत नाही. ते आकडे एकेकटे बघितले तर काहीच नव्हते, पण तिसऱ्या आठवड्यात २२१ आला, म्हणजे जवळपास १२ टक्के खाली, आणि दुखणं दोन. "काही नाही सर, झोप झाली नाही." मी म्हटलं ठीक आहे, पण सराव संपल्यावर काय करतोस? मग निघालं. सगळे गेल्यावर तो रोज चाळीस मिनिटं एकटाच क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल मारायची प्रॅक्टिस करत होता, सगळं उजव्या पायाने, गेले तीन आठवडे. कोचच्या शीटमधे ते कुठेच नव्हतं कारण कोचला माहीतच नव्हतं. आम्ही त्याला बाहेर नाही बसवला. पळणं तसंच ठेवलं, आठवडाभर जादाच्या किक बंद केल्या, रोज बॉल गुडघ्यात धरून हलकं आवळायचा व्यायाम दिला. पुढच्या आठवड्यात २३९, त्याच्या पुढच्या २५१. काहीच केलं नसतं तरी तो बरा झाला असता का, ते सांगता येत नाही आणि मी तसा दावाही करणार नाही. पण कोणालाच माहीत नसलेला लोड, म्हणजे अंगावर पडणारा जादा भार, सापडला आणि तो आकड्यामुळे विचारलेल्या प्रश्नातून सापडला.

म्हणून एका रीडिंगपेक्षा दिशा बघा. शीटमधे प्रत्येकाची एक ओळ आणि त्याचा छोटा ग्राफ ठेवा, सलग तीन आठवडे उतार दिसला की आकडा तुमच्या रेषेच्या आत असला तरी बोला. आणि लोडची नोंद शेजारच्याच कॉलममधे: सराव किती मिनिटं, आणि दहापैकी किती कठीण वाटला, दोघांचा गुणाकार. ७५ मिनिटं आणि सहा म्हणजे ४५०. तो आकडा एकदम वाढलेला आठवडा आणि टेस्ट घसरलेला आठवडा शेजारी-शेजारी सापडले की कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

तिसरं, बदल छोटा करा. पूर्ण विश्रांती हे क्वचितच उत्तर असतं. जांघ असेल तर किक आणि तीव्र दिशाबदल कमी, हॅमस्ट्रिंग असेल तर पूर्ण वेगाचे स्प्रिंट कमी, पोटरी असेल तर उड्या आणि कडक जमिनीवरचं पळणं कमी. बाकी सगळं चालू. आणि तीन दिवसांनी परत मोजा, पुढच्या आठवड्याची वाट बघत बसू नका.

काही गोष्टींत मात्र टेस्ट वगैरे बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे पाठवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. हाडावर एका बोटाएवढ्या जागेत दाबल्यावर कळ, विशेषतः नडगी, पाऊल, आणि खुब्याच्या पुढे खोलवर. पायात मुंग्या किंवा जोर जाणं. सांध्याला सूज येऊन गुडघा अडकणं. कोवळ्या वयाच्या फास्ट बॉलरची किंवा जिमनॅस्टची पाठ मागे वाकताना दुखणं, ते स्नायूचं असेल म्हणून सोडून देऊ नका, मणक्याच्या हाडाचा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडणारी बारीक भेग, तसाच सुरू होतो. आणि मुलींमधे पाळी तीन महिने किंवा जास्त आली नाही तर तो पण हाडांचाच विषय आहे, लाजून टाळू नका. टीममधे कोणी ताई किंवा मॅडम असतील तर त्यांनी विचारावं, पण विचारलं गेलंच पाहिजे.

वाढत्या वयाची मुलं

इथे अजून एक टेस्ट लागते, उंची. दर तीन महिन्यांनी, भिंतीला उभं करून. मुली साधारण बाराच्या आसपास आणि मुलं चौदाच्या आसपास झपाट्याने वाढतात, पण प्रत्येकाचं वेगळं. त्या काळात हाडं पुढे पळतात, स्नायू मागे राहतात, गुडघा भिंतीला टेकायचं अंतर घटतं, हॅमस्ट्रिंग आखडतात, आणि गुडघ्याखालचा उंचवटा किंवा टाच दुखायला लागते. ही मुलं आळशी झालेली नसतात, अचानक बेढब पळायला लागतात त्याचं कारण शरीर बदलतंय हे कोचला आणि आई-वडिलांना सांगणं हे तुमचंच काम. त्यांची बेसलाइन दर तीन महिन्यांनी नवी लावा, जुन्या आकड्याशी तुलना करत बसाल तर प्रत्येक जण लाल दिसेल.

आकडे कोणाला दाखवायचे

एका सीझनला मी दर सोमवारी लाल-पिवळ्या नावांची यादी टीमच्या ग्रुपवर टाकायचो, मला वाटायचं पारदर्शकपणा आहे. दोन आठवड्यांत पोरं टेस्टच्या आधी गुपचूप गोळी घेऊन यायला लागली, कोणाला लाल व्हायचं नव्हतं. ते एका मुलाने मला विश्वासाने सांगितलं म्हणून कळलं आणि खूप वाईट वाटलं, कारण ज्या गोष्टीसाठी आपण मोजत होतो तीच आपण बंद पाडली होती.

आता आकडे खेळाडूला आणि मला दिसतात. कोचला आकडा न देता एवढंच जातं की आज याच्या किक कमी, याचे स्प्रिंट अर्धे. संघनिवडीत हे आकडे वापरायचे नाहीत हे सीझनच्या पहिल्या दिवशी कोचसमोर, सगळ्या टीमसमोर बोलून घ्यायचं, आणि ते पाळायचं. खेळाडूला त्याचा ग्राफ दाखवा, स्वतःची ओळ बघायला त्यांना आवडतं. दोन महिन्यांत काही जण स्वतःच येऊन सांगतात, "सर, आज डावा घोटा कमी येणार बघा," आणि खरंच येतो.

ह्या नोंदी सीझन संपला म्हणून डिलीट करू नका. कोणी जखमी होऊन दोन महिन्यांनी परत येतो तेव्हा सगळे विचारतात की दुसऱ्या पायाएवढी ताकद आली का, पण तोपर्यंत दुसरा पायही बसून बसून कमजोर झालेला असतो. तेव्हा त्याचा स्वतःचा, दुखापतीच्या आधीचा आकडा काढायचा. डावा घोटा तेव्हा ११.५ सेंटीमीटर होता, आज ९ आहे, अजून अडीच बाकी आहेत.